बुलँग्रँच्या कोपऱ्यावर : एका रेस्तराँच्या प्रकल्प नोंदी

२२ जानेवारी २०२४, रँस (फ्रान्स)

आज सेंट व्हिन्सेंटचा दिवस. द्राक्षमळेवाल्यांचा हा पाठीराखा संत, म्हणून शॅम्पेन प्रांताच्या गावागावांत आज मिरवणुका निघतात. जागेच्या करारावर याच दिवशी सह्या व्हाव्यात असा शेफचा आग्रह होता, आणि तसंच झालं. जागा बुलँग्रँ वस्तीत, झाकलेल्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. आधी इथे कापडाचं दुकान होतं. खाली तळघर, तळमजल्यावर तीसेक माणसं बसतील एवढी जागा, मागे स्वयंपाकघर.

मालकीण आणि शेफ एकच. तिचा नवरा बांधकाम आणि हिशेब बघतो. सोमेलिए (वाइन निवडणारी जाणकार व्यक्ती) मार्चपासून येईल. माझ्याकडे मेन्यूची मांडणी, सोमेलिएसोबत वाइनची यादी, आणि वस्तीची माहिती गोळा करून त्यातलं काय आत आणायचं हे ठरवणं.

प्रकल्पाची कल्पना कागदावर एका ओळीत मावते: आधुनिक फ्रेंच जेवण, आधार शॅम्पेनचा आणि या वस्तीचा. पण ही ओळ रँसमधल्या कुठल्याही नव्या रेस्तराँला चिकटवता येईल. माझं म्हणणं मी आजच मांडलं. भिंतीवर जुने फोटो नकोत, बाटल्यांची झुंबरं नकोत. या भागात शॅम्पेन तयार करणारे, बाटल्या फिरवणारे, लेबलं लावणारे लोक राहिले. बाजारात कोबी आणि डुकराचं मांस विकणारे राहिले. त्यांचा इतिहास आणायचा तर ताटातून आणि कामाच्या रीतीतून आणायला हवा. शेफ म्हणाली, "मग करून दाखव."

३ फेब्रुवारी, शनिवार

बाजार बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारचा सगळ्यात मोठा, म्हणून आज सकाळी सातला तिथे हजर.

इमारतीत शिरलं की आधी मान वर जाते. काँक्रीटची एकच मोठी कमान, जवळपास २० मीटर उंच, मध्ये एकही खांब नाही. वास्तुकार एमिल मेग्रो, छताची करामत अभियंता उजेन फ्रेसिने याची. एवढ्या मोठ्या छताची जाडी आहे अवघी ७ सेंटीमीटर. १९२९ मध्ये बाजार सुरू झाला, १९८८ मध्ये बंद पडला. पाडून टाकण्याची भाषा झाली होती. १९९० मध्ये ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळालं, मोठी दुरुस्ती झाली आणि २०१२ मध्ये पुन्हा दुकानं लागली. मधली चोवीस वर्षं ही वस्ती बाजाराविना राहिली. ज्या भाजीवालीशी आज बोलले तिला ती वर्षं आठवतात. तिच्या आईची गिऱ्हाइकं तेव्हा पांगली ती पांगलीच.

आजच्या कामाच्या गोष्टी. खाटकाकडे जाँबों द रँस, म्हणजे रँसचं हॅम, मिळतो: डुकराचा खांदा भाज्यांच्या रश्शात शिजवून, मोकळा करून, साच्यात दाबून बसवायचा आणि वर पावाचा चुरा लावायचा. हा पदार्थ आपण स्वतः करायचा नाही, त्याच्याकडूनच घ्यायचा, असं माझं मत. तो आपल्याहून चांगला करतो आणि शेजारी आहे. शेफ लगेच कबूल झाली नाही. तिला प्रत्येक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात हवी असते.

दुसरी गोष्ट लाँतियों. शॅम्पेनच्या खडूच्या जमिनीतली ही बारीक गुलाबी मसूर. शरद ऋतूत राय या धान्याबरोबर पेरतात, म्हणजे वेलाला रायच्या ताटांचा आधार मिळतो. शिजल्यावर दाणा अख्खा राहतो, चव गोडसर. माझ्यासारख्या डाळीवर वाढलेल्या बाईला हे धान्य हातात घेतल्यावर काय वाटलं ते लिहायची ही जागा नाही, पण मेन्यूत ते पक्कं.

१६ फेब्रुवारी

दर्शनी भागाच्या रंगाचा अर्ज गेला. ऐतिहासिक वास्तूच्या ५०० मीटरच्या आत असल्यामुळे सरकारी वास्तुरक्षकाची संमती लागते, आणि आमच्याभोवती तर बाजार आहे, तिसऱ्या शतकातली रोमन कमान पोर्त द मार्स आहे. खिडकीवरच्या दगडी फुलांच्या टोपल्या आणि लोखंडी जाळी तशाच ठेवायच्या. पाटी लहान. उत्तराची वाट बघणं आलं.

भिंतीवर खालच्या बाजूला बांधणाऱ्या वास्तुकाराचं नाव आणि साल कोरलेलं आहे: १९२४. रँसमध्ये अशा सह्या केलेल्या इमारती खूप. पहिल्या महायुद्धात शहराचा सुमारे ८० टक्के भाग जमीनदोस्त झाला. जॉर्ज फोर्ड या अमेरिकन नियोजकाचा आराखडा १९२० मध्ये मंजूर झाला आणि मग दशकभर शेकडो वास्तुकार इथे कामाला लागले. म्हणून हे शहर आर्ट डेको या त्या काळच्या भौमितिक शैलीचं. आपलं घर शंभर वर्षांचं, पण तळघर त्याहून जुनं दिसतंय. विटांची ठेवण वेगळी आहे.

२८ फेब्रुवारी

तळघराची पाहणी. तापमानाची नोंद ठेवायला यंत्र लावलं. सध्या ११ अंश. शॅम्पेनची मोठी तळघरं वर्षभर १० ते १२ अंशांत असतात कारण ती खडूत खोदलेली असतात. खडू ओल धरून ठेवतो, तापमान हलू देत नाही. आपल्याकडे वरचा भाग विटांचा आणि जमीन खडूची, त्यामुळे उन्हाळ्यात किती चढतं ते बघूनच कपाटाचं ठरवू. तोवर बाटल्या भिंतीपासून लांब, आडव्या.

१९ सप्टेंबर १९१४ ला तोफांच्या माऱ्यात कॅथेड्रलला आग लागली. त्यानंतर जवळपास चार वर्षं आघाडी शहराच्या उंबरठ्यावर होती. लोक तळघरांत राहायला गेले. शॅम्पेनवाल्यांच्या मोठ्या तळघरांत माणसं झोपत, प्रार्थना होत, आणि १९१४ च्या डिसेंबरपासून पोमरी, मूम अशा घराण्यांच्या तळघरांत मुलांच्या शाळा भरल्या. मूमचं तळघर इथून दोन गल्ल्यांवर. बाटल्यांच्या रांगांच्या कडेला बाकं मांडून मुलं पाढे म्हणत होती आणि वर गोळे पडत होते. त्याच वर्षांत बायका आणि म्हातारे लोक मळ्यांतली द्राक्षं तोडून आणत होते. १९१४ चं पीक त्यांनी गोळ्यांच्या सावलीत काढलं.

शेफच्या नवऱ्याने सुचवलं की खाली सहा जणांचं खास टेबल लावावं, 'युद्धाच्या काळातलं तळघर' अशी जाहिरात करावी. मी विरोध केला आणि शेफनेही. जिथे लोक जीव मुठीत धरून बसले होते तिथे महागडं गुप्त जेवण विकायचं नाही. तळघरात फक्त बाटल्या आणि भाज्यांची बरणी-लोणची.

१२ मार्च

चाचणीचा पहिला पूर्ण दिवस. विषय: शॅम्पेनचा सॉस. यावर सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा मेन्यू इथूनच ठरेल.

जगभर मेन्यूवर 'शॅम्पेन सॉस' लिहिलेलं असतं. भांड्यात ओतल्यावर पहिल्या मिनिटात बुडबुडे जातात. अल्कोहोल बरंच उडतं. सुवास जातो. उरतं काय, तर आंबटपणा आणि साखर. शॅम्पेनचा आंबटपणा मोठा. इथे द्राक्षं उत्तरेच्या थंडीत पिकतात, टारटारिक आणि मॅलिक आम्ल भरपूर राहतं. आणि साखर तर आटवलं की वाढतेच. ब्रूत, म्हणजे कोरड्या शॅम्पेनच्या बाटलीत लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर असू शकते. चौथाई होईपर्यंत आटवलं तर ती चौपट घट्ट होते. वरून साखर न घातलेल्या ब्रूत नातूरमध्ये ३ ग्रॅमच्या आत, तिथे सॉस कोरडा आणि धारदार येतो.

चार भांडी एकाच वेळी ठेवली. पहिल्यात ताजी ब्रूत. दुसऱ्यात ब्रूत नातूर. तिसऱ्यात आदल्या रात्री उघडून ठेवलेली, बुडबुडे मेलेली तीच ब्रूत. चौथ्यात कोतो शाँप्न्वा, म्हणजे याच मळ्यांची, याच द्राक्षांची, पण बुडबुडे न आणलेली साधी वाइन. सगळ्यांत बारीक कांदा सारखाच, आटवणं सारखं, शेवटी थंड लोणी घोटून घातलं. सोबत वाफवलेला सांद्र नावाचा गोड्या पाण्यातला मासा.

पहिलं आणि तिसरं भांडं कुणालाच वेगळं ओळखता आलं नाही. सोमेलिएलाही नाही. चौथं सगळ्यांना आवडलं. त्यात फळाचा स्वाद टिकला. म्हणजे निर्णय असा: सॉससाठी ताजी बाटली कधीही उघडायची नाही. रात्री ग्लासने विकून उरलेली, सपाट झालेली शॅम्पेन दुसऱ्या दिवशी सॉसला. ती नसेल तर कोतो शाँप्न्वा. बुडबुडे ग्लासातच राहू द्यायचे, तिथे त्यांचं काम आहे. आणि ते काम मोठं आहे: तळलेलं, खारट, लोण्याचं खाल्ल्यावर जिभेवरचा थर आंबटपणा आणि वायू मिळून धुऊन काढतात. म्हणून पहिला घास गरम तळलेला हवा. जाँबों द रँसचे छोटे गोळे, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले, सोबत रँसची मोहरी.

शेफने संध्याकाळी खाटकाला फोन केला. हॅम त्याच्याकडून घ्यायचं ठरलं.

२० मार्च

पावाचं काम. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यावर यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. साध्या शॅम्पेनला किमान १५ महिने मुरवावं लागतं, एकाच वर्षाच्या पिकाची शॅम्पेन असेल तर ३ वर्षं. या काळात मेलेलं यीस्ट फुटून त्यातले घटक वाइनमध्ये उतरतात. भाजलेल्या पावाचा, बदामाचा जो वास चांगल्या शॅम्पेनला येतो तो यातूनच. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि झाकण उघडलं की आतला दाब गाळाचा बर्फ बाहेर फेकतो. ही क्रिया देगोर्जमाँ. बाटलीत सुमारे ६ बार दाब असतो.

शेफला पाव याच गाळाने फुगवायचा होता. तो फुगणार नाही, कारण यीस्ट मेलेलं आहे. फुगवायला आपलं आंबवण लागणारच. गाळ चवीपुरता. शिवाय वायनरीचा गाळ आणि द्राक्षाचा चोथा कुणी बादलीत भरून द्यावा इतकं सोपं नाही. त्याचा हिशेब द्यावा लागतो आणि तो डिस्टिलरीकडे पाठवण्याचे नियम आहेत. त्यामुळे वेगळी वाट: देगोर्जमाँमध्ये बाहेर पडणाऱ्या वाइनपासून रँसचं व्हिनेगर बनतं, ते बाजारात सहज मिळतं. पाव रायचा, आपल्या आंबवणाचा. सोबतच्या लोण्यात ते व्हिनेगर आटवून. खारट लोणी, कुरकुरीत साल, मागून येणारी ती आंबट झाक. हा घास मला सगळ्या मेन्यूत जवळचा वाटतो.

२ एप्रिल

रंगाला संमती आली. सुचवलेल्यापेक्षा एक छटा फिकट करा म्हणतात. करू.

परवान्याचा विषय मिटला. मालकिणीने सक्तीचं प्रशिक्षण पूर्ण केलं. रेस्तराँचा मोठा परवाना घेतोय, कारण छोट्यात वाइन चालते पण मार चालत नाही, आणि चीजबरोबर मार दे शॅम्पेन हवीच. चोथ्यापासून गाळलेली ही दारू. लाँग्र चीजच्या डोक्यावर जो खळगा असतो त्यात ती ओतण्याची इथली जुनी रीत आहे.

२४ एप्रिल

रात्री हिमकण पडले. दक्षिणेला ओब भागात मळ्यांचं नुकसान झाल्याच्या बातम्या. कोवळे कोंब नुकतेच फुटलेत, याच वेळी थंडी सगळ्यात घातक. ज्या मळेवाल्यांशी बोलणी सुरू आहेत त्यांतल्या एकीला फोन केला. रात्रभर मळ्यात होती, पुढच्या आठवड्यात बोलू म्हणाली.

संध्याकाळी नारायणगावला मामांशी बोलणं झालं. त्यांची खरड छाटणी उरकली. "तिकडं एकदाच छाटतात व्हय? न् थंडीत?" त्यांना हे दर वेळी नवं वाटतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, दोन छाटण्या आणि एक पीक. इथे हिवाळ्यात वेल स्वतःच थांबतो, माणूस एकदाच कात्री चालवतो, आणि मग अशा एका एप्रिलच्या रात्री सगळं जाऊ शकतं. मामा म्हणाले, "गारपीट झाली की आपलं बी तसंच की गं. त्या बाईला म्हणावं धीर धर."

मी या शहरात का आले त्याचं मूळही नारायणगावातच आहे. १९८० च्या दशकात तिथल्या शातो इंडाज वायनरीने रँसच्या पिपेर-हाइडसिक घराण्याच्या तांत्रिक मदतीने स्पार्कलिंग वाइन बनवली. ओमर खय्याम नावाने ती परदेशातही गेली. आमच्या घरी रँस हा शब्द त्यामुळे लहानपणापासून ऐकलेला. सोमेलिएने यादीत महाराष्ट्राची एखादी बाटली ठेवायची का असं विचारलं. नको म्हणाले. ही यादी या वस्तीची आहे, माझी नाही.

७ मे

आज इथे सुट्टीसारखं वातावरण असतं. ७ मे १९४५ ला पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी जर्मनीच्या बिनशर्त शरणागतीवर सही झाली ती रँसमध्ये, स्टेशनमागच्या एका शाळेच्या इमारतीत. तिथे दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवर याचं मुख्यालय होतं. नकाशांची ती खोली आता संग्रहालय आहे. आपल्या दारापासून चालत जाता येतं.

या घटनेच्या नावाने एक कॉकटेल करावं असा प्रस्ताव आला. मी स्पष्ट नाही म्हटलं. वस्तीत घडलेली प्रत्येक गोष्ट विकायला काढायची नसते. पाहुण्याने विचारलं तर रस्ता सांगू.

२१ मे

रंगाचे नमुने घेऊन शां द मार्स रस्त्यावर फुजिताच्या चॅपेलमध्ये गेले. उन्हाळ्यातच उघडं असतं. त्सुगुहारू फुजिता, पॅरिसमध्ये नाव कमावलेला जपानी चित्रकार, १९५९ मध्ये रँसच्या कॅथेड्रलमध्ये ख्रिस्ती झाला. मूमचे प्रमुख रने लालू त्याचे धर्मपिता. त्यांनी जागा आणि पैसा दिला, आणि १९६६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, फुजिताने ओल्या चुन्यावर भिंती रंगवल्या. ओल्या चुन्यावर चूक पुसता येत नाही. गिलावा सुकायच्या आत हात पुढे सरकावा लागतो. एका चित्रात शॅम्पेनची पिंपं आणि मागे रँसचे मळे आहेत.

परतताना मार्स रस्त्यावरच्या जुन्या वाइन घराण्याच्या दर्शनी भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची मोझेइक चित्रं: द्राक्षं दाबणारे, बाटल्या फिरवणारे, गाळ काढणारे. मालकाचा चेहरा कुठेच नाही, सगळी कामाची माणसं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही फुकट दिसतात. शेफला तिथे उभं केलं आणि म्हटलं, आपल्या भिंती कोऱ्या का राहाव्यात याचं उत्तर हे आहे. वस्तीने आपलं चित्र आधीच लावून ठेवलंय. तिला पटलं. भिंती चुन्याच्या, खडूच्या रंगाच्या. विषय बंद.

१८ जून

ग्लास. अरुंद उंच फ्लूट घ्यायचे नाहीत. नाक आत जात नाही. ट्यूलिपच्या आकाराचे, पोटाशी रुंद.

रँस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर हे भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा अभ्यास करतायत. त्यांचं काम आमच्या वाढप्यांना शिकवण्यासारखं आहे. एका बाटलीत सुमारे ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, मोकळा केला तर जवळपास ५ लिटर. बुडबुडा काचेतून आपोआप जन्मत नाही. कापडाचा बारीक धागा किंवा ओरखडा यांत अडकलेल्या हवेवर तो वाढतो. अगदी स्वच्छ, गुळगुळीत काचेत शॅम्पेन गप्प बसते. म्हणून तळाशी मुद्दाम कोरलेले ग्लास मिळतात. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. २०१० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ग्लास तिरपा धरून कडेने ओतलं तर वायू जास्त टिकतो, आणि वाइन थंड असेल तर आणखी.

वाढप्यांसाठी नियम लिहिला: ग्लास गरम पाण्याने, साबणाविना शेवटचं धुणं, सुती फडक्याने पुसणं, ओतणं तिरप्या ग्लासात. तापमान साध्याला ८ ते १० अंश, जुन्या बाटलीला १२ पर्यंत. बर्फाच्या बादलीत बुडवून सुन्न करायचं नाही.

४ जुलै

वाइनची यादी. आज दिवसभर वाद, पण चांगला वाद.

सोमेलिएला मोठ्या घराण्यांची नावं वर हवीत. लोक तीच ओळखतात. माझं म्हणणं, यादी गावांनुसार लावावी. लेबलवर बारीक अक्षरांत दोन अक्षरं असतात: आर. एम. म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन करणारा शेतकरी, एन. एम. म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारं घराणं, सी. एम. म्हणजे सहकारी संस्था. ही तिन्ही अक्षरं यादीत प्रत्येक नावापुढे छापायची.

यामागे इतिहास आहे. १९१० चं पीक जवळपास पूर्ण बुडालं होतं, फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने मळे खाल्ले होते, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रांतातली स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकत होते. १९११ मध्ये शेतकऱ्यांचा संयम सुटला. आय गावात व्यापाऱ्यांची घरं आणि कोठारं जळाली, सैन्य आलं. शॅम्पेनची हद्द कुठली आणि कुठल्या द्राक्षाला ते नाव लावायचं, याचे आजचे कडक नियम त्या भांडणातून घडत गेले. आपल्या यादीत शेतकऱ्याचं गाव दिसलं पाहिजे, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

शेवटी तोडगा निघाला. यादी गावांनुसार, घराणी त्यांच्या मुख्य गावाखाली, रँसची घराणी रँसखाली. मूम शेजारी म्हणून पहिलं. ग्लासने मिळणाऱ्यांत एक म्युनिये द्राक्षाची हवीच. या द्राक्षाला वर्षानुवर्षं दुय्यम मानलं, पण मार्नच्या खोऱ्यात थंडी सोसून ते उभं राहतं आणि त्याची वाइन लाँतियोंबरोबर फार सुंदर लागते.

२२ ऑगस्ट

धुराड्याचं काम रखडलं. पुरवठादाराने दोनदा तारीख पुढे ढकलली. तळघर १४ अंशांवर गेलं, त्यामुळे वाइनसाठी थंड कपाट घेतलं.

गुलाबी बिस्किटांचा निर्णय. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या बेकऱ्यांनी पाव काढल्यावर भट्टीत उरलेल्या उष्णतेवर ती दोनदा भाजायला सुरुवात केली. रंगासाठी कोशिनील, म्हणजे किड्यापासून मिळणारं लाल. मेन्यूवर ते स्पष्ट लिहायचं. शाकाहारी माणसाला ठाऊक असायला हवं. त्यांच्यासाठी बिट घातलेली वेगळी, आपण भाजू.

१४ सप्टेंबर

तोडणी सुरू. पावसाने आणि केवडा (डाऊनी मिल्ड्यू) या बुरशीने यंदा मळे हैराण झाले. ठरवून दिलेली मर्यादा हेक्टरी १०,००० किलो, अनेकांना तेवढंही मिळणार नाही. एप्रिलमध्ये रात्रभर मळ्यात जागलेल्या बाईकडे आम्ही सगळे एक दिवस तोडणीला गेलो. द्राक्षं हातानेच तोडायची, यंत्राला बंदी, कारण घड अख्खा दाबयंत्रात जायला हवा. एका वेळी ४,००० किलो दाबयंत्रात घालतात आणि २,५५० लिटर रस घेतात: पहिला २,०५० सगळ्यात उत्तम, मागचे ५०० दुय्यम. त्यापुढे दाबायचं नाही.

दुपारी तोडणीवाल्यांचं जेवण, 'पोते' नावाचा एका भांड्यातला फ्रेंच पदार्थ. मोठ्या पातेल्यात कोबी, गाजर, सलगम, बटाटे, पांढऱ्या शेंगांचे दाणे, खारवलेलं मांस, सॉसेज. मला भोगीच्या भाजीची आठवण झाली. हंगामात जे आहे ते सगळं एका भांड्यात. शेफने दोन वाट्या खाल्ल्या आणि गाडीत बसल्याबरोबर सांगितलं की मुख्य पदार्थ हाच. आठ महिने आम्ही कबुतर की कोकरू यावर बोलत होतो.

तिची मांडणी अशी: भाज्या प्रत्येकी वेगळ्या, आपापल्या वेळेनुसार शिजवलेल्या, कोबीचं पान एका बाजूने काळं होईस्तोवर भाजलेलं, मांस जाड कापाचं, आणि टेबलावर ओतायचा तो गाळलेला रस्सा. शाकाहारी पोते मी करतेय. धुराचा स्वाद मांसातून येत होता, तो आता भाजलेल्या कोबीतून आणि धुरी दिलेल्या दाण्यांतून आणायचा आहे. दाण्यांवर अजून काम बाकी.

३ ऑक्टोबर

शेजाऱ्यांसाठी चाचणीचं जेवण. बाजारातला खाटीक, भाजीवाली, वरच्या मजल्यावरचं जोडपं, आणि समोरच्या घरातल्या एक आजी. त्यांची आई एका शॅम्पेन घराण्यात लेबलं लावायचं काम करायची.

मेन्यू: हॅमचे तळलेले गोळे. रायचा पाव, व्हिनेगरचं लोणी. लाँतियों, उकडलेलं अंडं आणि सपाट शॅम्पेनचा सॉस. सांद्र मासा. पोते. लाँग्र चीज, मार. गुलाबी बिस्किट, रताफियात (द्राक्षरसाच्या गोड दारूत) मुरवलेले पेअर.

पोते सगळ्यांनी पुसून खाल्लं. मासा कुणाच्या लक्षात राहिला नाही. काढून टाकतोय, जेवण तसंही लांबत होतं. आम्ही बिस्किट शॅम्पेनमध्ये बुडवून, मऊ करून वाढलं होतं. आजी म्हणाल्या, "कडकच द्या. बुडवायचं काम आमचं आहे." बिस्किट आता कडक जाईल, सोबत छोटा ग्लास.

खाटकाने मात्र खरा प्रश्न विचारला: "चांगलं आहे, पण आम्ही इथे कधी जेवणार? आमचा बाजार एक वाजता आवरतो आणि तुमचं जेवण अडीच तास चालतं." भाजीवालीने मान हलवली.

८ ऑक्टोबर

खाटकाच्या प्रश्नावर बैठक. शेफच्या नवऱ्याने आकडे मांडले. बाजाराच्या तिन्ही दिवशी दुपारी एक ताट: लाँतियों, हॅमचा जाड काप, रायचा पाव, आणि हवा तर कोतो शाँप्न्वाचा किंवा आदल्या रात्री उघडलेल्या शॅम्पेनचा ग्लास. आगाऊ टेबल राखावं लागणार नाही, पुढच्या काउंटरला उभं राहूनही खाता येईल. भाव असा की स्टॉलवाल्याला आठवड्यातून एकदा परवडावा. त्यात नफा जवळपास नाही. हॅम खाटकाचं आणि भाजी भाजीवालीची असल्यामुळे तोटाही नाही.

शेफचा नवरा महिनाभर करून बघू म्हणत होता. शेफने कायमचं म्हणून मेन्यूत छापायला सांगितलं. बुधवारी पहिलं ताट. लाँतियों मंगळवारी रात्री भिजत घालायची गरज नाही, पण पाव मंगळवारी दुपारीच मळायला हवा, बेकरला कळवलं. काउंटरसाठी उंच लाकडी फळी सुताराकडून सोमवारी येतेय.